एक्स्चेंज झालं, किल्ल्या अजून नाहीत: इंग्लंडमध्ये घर घेताना-विकताना मधल्या दिवसांतले हक्क

पुण्यात किंवा ठाण्यात घर घेताना टोकन दिलं, इसारपावती हातात आली की व्यवहार ठरला असं आपण धरून चालतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सवय घात करते. तिथे एस्टेट एजंटने ‘तुमची ऑफर स्वीकारली’ असा फोन केला तरी कायद्याच्या नजरेत अजून काहीच घडलेलं नसतं. पुढचे दोन-तीन महिने सर्व्हे (घराची तांत्रिक तपासणी), सर्चेस (सरकारी नोंदींची तपासणी), मॉर्गेज (गृहकर्ज), सॉलिसिटरांची (दोन्ही बाजूंच्या वकिलांची) प्रश्नोत्तरं चालतात, आणि त्यातल्या कुठल्याही दिवशी दोघांपैकी कुणीही समोरच्याला एक पेनी न देता बाजूला होऊ शकतो. १९८९ च्या कायद्याप्रमाणे घर-जमिनीचा करार लेखी हवा, ठरलेल्या सगळ्या अटी त्यात हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. हा करार ज्या क्षणी बांधला जातो तो क्षण म्हणजे ‘एक्स्चेंज’. उरलेले पैसे पोचून किल्ल्या मिळतात तो दिवस म्हणजे ‘कंप्लीशन’.

या दोहोंमध्ये साधारण एक ते चार आठवडे जातात. त्या दिवसांत घर कागदावर विकणाऱ्याचं असतं, पण जोखीम घर घेणाऱ्याची असते. कुणाला काय मागता येतं हे जवळजवळ सगळं करारातून ठरतं, म्हणून ज्या गोष्टीची धास्ती वाटते ती एक्स्चेंजच्या आधी करारात घालून घ्यायची. नंतर विनंती करता येते, आग्रह धरता येत नाही.

बहुतेक घरांचे करार ‘स्टँडर्ड कंडिशन्स ऑफ सेल’ या छापील अटींच्या पाचव्या आवृत्तीवर होतात. खालची माहिती त्या अटींना धरून आहे. मात्र प्रत्येक करारात ‘स्पेशल कंडिशन्स’ची एक छोटी यादी असते आणि ती छापील अटींच्या वर चालते. सही करण्याआधी निदान तेवढं पान तरी स्वतः वाचा. स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी आहे. तिथल्या घराला यातलं काही लावू नका.

एक्स्चेंजच्या दिवशी नेमकं काय होतं

समारंभ नसतो. तुम्ही सही केलेली प्रत कित्येक दिवस आधीच तुमच्या सॉलिसिटरकडे पडून असते, विकणाऱ्याची त्याच्या सॉलिसिटरकडे. दोघे फोनवर बोलतात, दोन्ही प्रती शब्दशः सारख्या आहेत याची खात्री करतात, कंप्लीशनची तारीख भरतात आणि लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेच्या ठरलेल्या सूत्राने, बहुतेक वेळा ‘फॉर्म्युला बी’ने, एक्स्चेंज झाल्याचं नोंदवतात. त्या फोनची वेळसुद्धा लिहून ठेवली जाते. त्या मिनिटापासून दोघेही बांधलेले. विकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वीस हजार पौंड जास्त देणारा भेटला तरी उपयोग नाही, आणि घेणाऱ्याला कोपऱ्यावरचं घर जास्त आवडलं तरीही नाही.

लक्षात घ्या, तुम्ही सॉलिसिटरला ‘हो, करा’ असं कळवता, तेच तुमचं शेवटचं पाऊल. सही केली त्या दिवशी तुम्ही बांधले जात नाही, पण होकार दिल्यावर तो फोन पाच मिनिटांत होऊ शकतो. मनात शंका असेल तर होकार रोखा. सही परत मागायची गरज नाही.

एक्स्चेंजला डिपॉझिट लागतं: किमतीच्या १० टक्के. ४,००,००० पौंडांच्या घराला ४०,०००. हे पैसे आधीच सॉलिसिटरच्या खात्यात असावे लागतात. ते विकणाऱ्याचा सॉलिसिटर ‘स्टेकहोल्डर’ म्हणून धरून ठेवतो, म्हणजे कंप्लीशनपर्यंत ते विकणाऱ्याच्या खिशात जात नाहीत. याला एक अपवाद आहे. विकणारा स्वतः राहण्यासाठी दुसरं घर घेत असेल, तर तुमचं डिपॉझिट तो पुढच्या घराच्या डिपॉझिटसाठी वापरू शकतो. घरांची साखळी, म्हणजे चेन, असली की एकच रक्कम अशी वरवर सरकत जाते.

९५ टक्के मॉर्गेज असेल तर विकणारा बऱ्याचदा ५ टक्क्यांवर तयार होतो. इथे नवखे फसतात. ५ टक्के दिले म्हणजे धोका ५ टक्क्यांचाच, असा अर्थ नाही. तुम्ही चुकलात आणि ‘नोटीस टू कंप्लीट’ (ठरल्या मुदतीत व्यवहार पुरा करा अशी नोटीस) आली की उरलेले ५ टक्के लगेच देणं लागता. २०१४ साली लंडनच्या हायकोर्टात एक प्रकरण आलं: ३६ लाख पौंडांचं घर, १० टक्क्यांप्रमाणे ३,६०,००० डिपॉझिट ठरलेलं, त्यातले १,५०,००० भरलेले. घेणाऱ्यांनी ओल आणि सडलेल्या लाकडाचं कारण देत कंप्लीशन केलं नाही. भरलेले गेलेच, वर घेणाऱ्यांना उरलेले २,१०,०००ही विकणाऱ्याकडे भरावे लागले.

होकार देण्याआधी लिहून घ्यायच्या गोष्टी

*तारीख.* करारात तारीख नसेल तर एक्स्चेंजपासून विसावा कामकाजाचा दिवस धरला जातो. कंप्लीशन फक्त बँका चालू असतात त्या दिवशी होतं. शनिवार, रविवार, बँक हॉलिडे नाही. दसऱ्याला किंवा अक्षय्य तृतीयेला किल्ल्या हव्या असतील तर तो वार पाहा आणि एक्स्चेंजच्या आधी सांगा. नंतर तारीख हलवायला चेनमधल्या प्रत्येकाची संमती लागते, आणि पाच घरांच्या चेनमध्ये ती मिळत नाही. सोपा उपाय म्हणजे कंप्लीशन मधल्या वारी करायचं आणि कलश घेऊन गृहप्रवेश मुहूर्तावर. शुक्रवार मात्र टाळा. सगळ्यांना शुक्रवारच हवा असतो, त्यामुळे बँका आणि सामानाचे ट्रक दोन्ही अडतात, आणि पैसे उशिरा आले तर मध्ये शनिवार-रविवार येतो.

*घरातल्या वस्तू.* ‘टीए-१०’ नावाच्या फॉर्मवर विकणारा प्रत्येक वस्तूपुढे लिहितो: राहणार, नेणार. तो फॉर्म करारात जोडला जातो. विकणारे असाल तर छताच्या तुळईला टांगलेला झोपाळा, भिंतीत बसवलेला देव्हारा, मागच्या अंगणातली शेड हे न विसरता लिहा. ‘आपलंच आहे, नेऊ की’ हे एक्स्चेंजनंतर चालत नाही. दिवे काढून नेलेत तर जागी सीलिंग रोझ (छतावरची वायरची चकती), वायर, होल्डर आणि बल्ब लावून सुरक्षित स्थितीत सोडायचं, वस्तू काढताना पडलेली भोकं नीट करायची, आणि माळा, गॅरेज, बाग इथला कचरा हलवायचा, हे त्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं.

*आत जाण्याची परवानगी.* एक्स्चेंजनंतर घेणाऱ्याला घर पुन्हा बघायचा आपोआप हक्क नाही. पडद्यांची मापं घ्यायची असोत, नाहीतर बिल्डरला स्वयंपाकघराचा अंदाज द्यायचा असो, ‘कंप्लीशनआधी दोन वेळा, २४ तासांच्या सूचनेवर’ अशी अट करारात घाला. एजंटच्या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

*घरात राहणारी माणसं.* हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तरी बायकोला तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क असतो, आणि तो लँड रजिस्ट्रीत (घर-जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदणीत) कंप्लीशनपर्यंत कधीही नोंदवता येतो. १९७१ साली एका माणसाने बंगला ६,००० पौंडांना विकायचा करार केला. दुसऱ्याच दिवशी बायकोने आपला हक्क नोंदवला. नवरा घर मोकळं करून देऊ शकेना. निकाल लागेपर्यंत घराची किंमत ११,५०० वर गेली होती, आणि कोर्टाने नवऱ्याला फरकाचे ५,५०० पौंड भरायला लावले. म्हणून घेणाऱ्याचा सॉलिसिटर घरात राहणाऱ्या १७ वर्षांवरच्या प्रत्येकाची, आजी-आजोबांसकट, ‘आम्ही कंप्लीशनला घर सोडू’ अशी सही मागतो. विकणाऱ्यांनी यात अपमान मानू नये, आणि घेणाऱ्यांनी ही सही नसताना एक्स्चेंजला होकार देऊ नये. भाडेकरू असेल तर आणखी सावध राहा: तो प्रत्यक्ष बाहेर पडल्याशिवाय ‘रिकामा ताबा देतो’ असं लिहून देणं विकणाऱ्याला फार महाग पडू शकतं.

विमा त्याच दिवशी

छापील अटींप्रमाणे कराराच्या तारखेपासून घराची जोखीम घेणाऱ्याची. रात्री आग लागली, पुराचं पाणी शिरलं, समोरचं झाड छपरावर पडलं, तरी घेणाऱ्याला पूर्ण किंमत देऊन तेच घर घ्यावं लागतं. विकणाऱ्यावर विमा चालू ठेवण्याची सक्ती नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच.

म्हणून बिल्डिंग इन्शुरन्स एक्स्चेंजच्या तारखेपासून सुरू हवा, कंप्लीशनच्या नाही. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावाची नसते. घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाची असते, आणि तो आकडा सर्व्हेच्या किंवा मूल्यांकनाच्या अहवालात मिळतो. कोटेशन आधी घेऊन ठेवा आणि एक्स्चेंज झाल्याचा ईमेल आला की लगेच पॉलिसी सुरू करा. लीजहोल्ड (भाडेपट्ट्याच्या) फ्लॅटला सहसा पूर्ण इमारतीचा विमा फ्रीहोल्डर, म्हणजे इमारतीचा मूळ मालक, काढतो. त्याची चालू पॉलिसी सॉलिसिटरने पाहिली आहे ना, एवढं विचारा.

विकणाऱ्यांना एक सल्ला: तुमचा विमा किल्ल्या देईपर्यंत बंद करू नका. घेणारा कंप्लीशनला आलाच नाही तर ते घर तुमच्याच गळ्यात राहणार आहे.

मधल्या दिवसांत विकणाऱ्याचं कर्तव्य

विकणाऱ्याला कंप्लीशनपर्यंत घरात राहण्याचा हक्क आहे, आणि त्या दिवसापर्यंतची कौन्सिल टॅक्स, वीज, पाण्याची बिलंही त्याचीच. पण घर आता काही अंशी तो दुसऱ्यासाठी सांभाळत असतो. शहाणा मालक घेईल तितकी काळजी त्याने घ्यायची. १८९१ सालच्या एका निकालात परक्या माणसाने जमिनीतली माती खणून गाड्या भरून नेली आणि विकणाऱ्याने लक्ष दिलं नाही. भरपाई विकणाऱ्यालाच भरावी लागली. आजच्या काळात याचा अर्थ असा: जानेवारीत रिकाम्या घराचं हीटिंग पूर्ण बंद करून निघून जाऊ नका, पाइप गोठून फुटतात. दारं-खिडक्या बंद ठेवा, गळती दिसली तर थांबवा. नवीन कर्ज, नवीन भाडेकरू, भिंत पाडणं असलं काही करू नका.

घेणाऱ्याला दुसरी बाजूही माहीत हवी. कराराच्या तारखेला घर जसं आहे तसं तुम्ही स्वीकारलेलं असतं. बॉयलर जुना आहे किंवा बाथरूमला ओल आहे, हे एक्स्चेंजनंतर उमगलं तर किंमत कमी करा असं म्हणता येत नाही. विकणाऱ्याने फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं असेल तर मार्ग निघतो, पण तो कोर्टाचा, लांब आणि खर्चिक मार्ग आहे. सर्व्हेअरच्या अहवालातली लाल खूण एक्स्चेंजच्या आधी निस्तरा.

किल्ल्या आधी मागितल्या तर

‘आई-बाबा पुढच्या आठवड्यात येतायत, घर रिकामंच आहे, रंग काढून घेऊ का?’ असं घेणारा विचारतो. विकणारा तयार झाला तर छापील अटींप्रमाणे घेणारा फक्त परवानाधारक ठरतो, भाडेकरू नाही. किंमत वजा डिपॉझिट या रकमेवर कराराच्या व्याजदराने तो पैसे भरतो, बिलं भरतो, घर चांगल्या स्थितीत ठेवतो. दोघांपैकी कुणीही पाच कामकाजाच्या दिवसांची सूचना देऊन हा परवाना संपवू शकतो.

विकणाऱ्याने यात फार विचार करावा. जुनं किचन उखडलेलं आणि घेणाऱ्याचं मॉर्गेज अडकलेलं, असं झालं तर कुणाकडे दाद मागणार? द्यायचीच असेल तर नुसत्या रंगकामाची परवानगी द्या, तोडफोडीची नको, आणि तीही सॉलिसिटरने लिहिलेल्या पत्रावर.

पैशांचं वेळापत्रक उलटं मोजा

कंप्लीशनच्या तारखेपासून मागे या.

साधारण पाच कामकाजाचे दिवस आधी तुमचा सॉलिसिटर मॉर्गेजवाल्या बँकेकडे पैसे मागतो. त्याच सुमारास तो लँड रजिस्ट्रीत प्राधान्याचा सर्च करतो. त्या दिवसापासून ३० कामकाजाचे दिवस त्या घरावर दुसऱ्या कुणाचा अर्ज आला तरी तुमची नोंद आधी धरली जाते. ही मुदत कंप्लीशन आणि नंतरचा नोंदणी अर्ज दोन्ही सामावणारी हवी. कंप्लीशन पुढे ढकललं गेलं तर सर्च पुन्हा केला का, हे विचारा.

तुमच्या वाट्याची रक्कम एक दिवस आधी सॉलिसिटरच्या खात्यात पोचलेली हवी. बँकेच्या अ‍ॅपवर रोजची मर्यादा असते, मोठ्या रकमेला शाखेत जाऊन चॅप्स (मोठी रक्कम त्याच दिवशी पोचवणारं ट्रान्सफर) करावं लागू शकतं. आणि खाते क्रमांकाबाबत एक नियम कधीही मोडू नका: ‘आमचं खातं बदललं आहे’ असा ईमेल आला तर तो खोटाच धरा. चोर सॉलिसिटरच्या ईमेलवर पाळत ठेवून बरोबर या आठवड्यात असे मेल पाठवतात. पहिल्या भेटीत मिळालेल्या नंबरवर फोन करून क्रमांक तोंडी पडताळा, आधी थोडी रक्कम पाठवून पोच घ्या, मग बाकीची.

भारतातून पैसे येणार असतील तर ते एक्स्चेंजच्या आधी इकडे आलेले असावेत. वडील भेट देणार असतील तर भारतात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात. तुमच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत. शिवाय इथला सॉलिसिटर पैसा कुठून आला याचा पुरावा मागतो. नाशिकचा प्लॉट विकला असेल तर ते खरेदीखत मराठीत असतं, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. वडिलांकडून ‘ही भेट आहे, परत नको, घरात हिस्सा नको’ असं पत्र लागतं आणि ते मॉर्गेजवाल्या बँकेलाही दाखवावं लागतं. या कागदांना तीन-चार आठवडे सहज जातात.

आणखी एक खर्च पुष्कळ मराठी कुटुंबांना ऐन वेळी कळतो. भारतातला फ्लॅटही इथे ‘दुसरं घर’ धरला जातो. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४,००,००० पौंडांच्या घरावर स्टँप ड्यूटी १०,००० होते. आयुष्यात जगात कुठेच घर नसलेल्याला ५,०००. पण पुण्यात तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा हिस्सा असेल आणि तुम्ही राहतं घर बदलत नसाल, तर पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के: एकूण ३०,०००. ही रक्कम कंप्लीशनआधी सॉलिसिटरला द्यावी लागते, कारण कंप्लीशननंतर १४ दिवसांत रिटर्न आणि कर दोन्ही भरायचे असतात. वारसाहक्काने आलेल्या हिश्श्याचे नियम थोडे निराळे आहेत, तो असेल तर आधीच सांगा. लपवू नका; रिटर्नवर सही तुमच्या वतीने होते.

या काळात नोकरी बदलू नका, गाडीचं कर्ज काढू नका. परिस्थिती बदलली तर ती बँकेला कळवावी लागते आणि बँक मॉर्गेज मागे घेऊ शकते. मॉर्गेज गेलं तरी करार सुटत नाही.

कंप्लीशनचा दिवस

छापील अटींत दुपारी २ ही वेळ आहे. चेनमध्ये खालच्या घरांना बहुधा १२ किंवा १ लिहिलेलं असतं. पैसे विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे पोचले की तो एजंटला फोन करतो आणि एजंट किल्ल्या देतो. त्या फोनच्या आधी एजंट किल्ली देणार नाही, तुमचा ट्रक दारात उभा असला तरी. ट्रकवाल्याला थांबण्याचे तासाला किती, हे आधी विचारून ठेवा.

पैसे २ नंतर आले तर व्याजाच्या हिशेबासाठी कंप्लीशन पुढच्या कामकाजाच्या दिवशी झालं असं धरतात. शुक्रवारी अडीचला पैसे आले म्हणजे सोमवारपर्यंतचं, तीन दिवसांचं व्याज. पण याला महत्त्वाची उलट बाजू आहे: विकणाऱ्याने २ वाजेपर्यंत घर सोडलं नाही आणि म्हणून तुम्ही पैसे रोखलेत, तर चूक विकणाऱ्याची धरली जाते. म्हणून पैसे सुटण्याआधी, सकाळी ११-१२ च्या सुमारास एजंटला घरावर एक फेरी मारायला सांगा. घर खरंच रिकामं होत आहे का?

रिकामा ताबा म्हणजे माणसंही गेलेली आणि वापराला अडथळा होईल असं सामानही गेलेलं. १९४६ सालच्या एका निकालात तळघरात दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्यांचा ढीग सोडला होता. कोर्टाने ठरवलं की हा रिकामा ताबा नव्हे, हलवण्याचा खर्च विकणाऱ्याने द्यावा. माळ्यावर दोन रिकामी खोकी राहिली तर हा नियम लागत नाही. गॅरेज जुन्या फर्निचरने ठासून भरलेलं असेल तर लागतो.

दोघांनीही मीटरचे आकडे फोटो काढून ठेवावेत, वेळेसकट.

उशीर झाला तर

पहिल्या दिवशी करार मोडत नाही. व्याज सुरू होतं. करारात वेगळं नसेल तर लॉ सोसायटीचा दर लागतो: बारक्लेज बँकेच्या बेस रेटपेक्षा ४ टक्के जास्त. समजा तो ८ टक्के आहे. ४,००,००० च्या घरात घेणारा उशीर करतोय, तर डिपॉझिट वजा ३,६०,००० वर रोज सुमारे ७८ पौंड ९० पेन्स. विकणारा उशीर करतोय, तर पूर्ण किमतीवर रोज सुमारे ८७ पौंड ६७ पेन्स. हॉटेल, सामान ठेवण्याचं गोदाम असा खरा खर्च व्याजापेक्षा जास्त झाला तर वरचा फरक मागता येतो, म्हणून प्रत्येक पावती जपा.

जो स्वतः तयार आहे, तो ठरलेली वेळ उलटली की ‘नोटीस टू कंप्लीट’ देऊ शकतो. नोटिशीचा दिवस सोडून १० कामकाजाचे दिवस मिळतात. शुक्रवारी साडेतीनला नोटीस मिळाली, तर सोमवार हा पहिला दिवस आणि मुदत दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी संपते. मध्ये बँक हॉलिडे आला तर सोमवारी. दुपारी ४ नंतर मिळालेली नोटीस पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळाली असं धरतात. नोटीस देणाराही तिने बांधला जातो: शेवटच्या दिवशी तुमच्याच बँकेचा कागद कमी पडला तर समोरचा करार मोडू शकतो.

मुदत उलटून घेणारा आला नाही, तर विकणारा करार संपवून डिपॉझिट ठेवतो, घर पुन्हा विकतो आणि तोटा जास्त असेल तर फरक मागतो. घर ३,७०,००० ला गेलं तर तोटा ३०,००० असला तरी ४०,००० ठेवता येतात. तोटा खर्चासकट ५०,००० झाला, तर डिपॉझिटच्या वरचे १०,००० मागता येतात. १९२५ च्या कायद्याने कोर्टाला डिपॉझिट परत करायला लावण्याचा अधिकार आहे, पण तो अगदी अपवादात्मक परिस्थितीतच वापरला जातो. मॉर्गेज मिळालं नाही एवढं कारण पुरत नाही.

विकणारा उलटला तर घेणाऱ्याला डिपॉझिट व्याजासकट परत आणि नुकसानभरपाई. किंवा तो कोर्टाकडून ‘करार पुरा करा’ असा हुकूम मागू शकतो, कारण प्रत्येक घर एकमेव मानलं जातं. व्यवहारात हुकमाला महिने लागतात. बहुतेक घेणारे नोटीस देतात, आणि बहुतेक विकणारे नोटिशीवर जागे होतात.

मृत्यू झाला तरी करार टिकतो. घर जोडीदाराबरोबर नावावर असेल तर मागे राहिलेला पुढे जाऊ शकतो, कधी सोबत दुसरा विश्वस्त नेमून. एकट्याचं असेल तर वारसाच्या कागदांसाठी थांबावं लागतं. घेणारा गेला तर मॉर्गेजची ऑफर संपते पण जबाबदारी त्याच्या मालमत्तेवर राहते. घर घेताना आयुर्विमा एक्स्चेंजच्या तारखेपासूनच सुरू करा, असं सांगतात ते यासाठी.

नव्या बांधणीच्या घरात एक्स्चेंज आणि कंप्लीशनमध्ये वर्षही जाऊ शकतं. तारीख नसते, बांधकाम झालं की बिल्डर बहुधा १० कामकाजाच्या दिवसांची सूचना देतो. दोन गोष्टी बघा: करारात ‘लाँग स्टॉप डेट’ आहे का, म्हणजे त्यापुढे उशीर झाला तर तुम्ही बाहेर पडू शकता, आणि तुमची मॉर्गेज ऑफर तोवर टिकते का. एवढ्या लांब काळासाठी लँड रजिस्ट्रीत तुमच्या कराराची नोटीस नोंदवून घेणंही सॉलिसिटरला सांगा.

किल्ल्या हातात आल्यावर

कंप्लीशन झालं म्हणून राहिलेलं कर्तव्य पुसलं जात नाही. पहिल्याच संध्याकाळी टीए-१० हातात घेऊन खोली-खोली फिरा. राहणार म्हणून लिहिलेला कुकर (इथे अर्थ शेगडी-ओव्हन) नेलेला आहे, माळ्यावर कचरा आहे, दिव्याच्या जागी उघडी वायर लोंबतेय, असं दिसलं तर हात लावण्याआधी फोटो काढा आणि त्याच आठवड्यात सॉलिसिटरमार्फत पत्र पाठवा. कचरा हलवण्याचं लेखी कोटेशन सोबत जोडा. बहुतेकदा पत्रावर भागतं. नाही भागलं तर १०,००० पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये (लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) स्वतः लावता येतो, आणि तिथे सही केलेला तो फॉर्म हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद असतो.